शाळेचे दार उघडल्यानंतर

जानेवारी २००३मध्ये केनियातले नवे सरकार अजून खुर्चीत नीट स्थिरावलेही नव्हते. तरी राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी यांनी निवडणुकीत दिलेला शब्द लगोलग पाळला. सरकारी प्राथमिक शाळेत यापुढे फी नाही, असे त्यांनी जाहीर केले आणि देशभरातल्या शाळांच्या फाटकांपुढे आईबापांची रीघ लागली. प्राथमिक शाळांचा पट सुमारे ५९ लाखांवरून ७२ लाखांवर गेला. पुढच्या वर्षी एल्डोरेट परिसरातल्या एका शाळेत किमानी मारुगे नावाच्या ८४ वर्षांच्या गृहस्थांनी पहिलीत नाव घातले, तेव्हा या निर्णयाची बातमी जगभर पोचली. केनिया यात एकटा नव्हता. मलावीने १९९४मध्ये बकिली मुलुझी यांच्या कारकिर्दीत प्राथमिक शिक्षण मोफत केले आणि तिथला पट १९ लाखांवरून एकदम ३० लाखांच्या घरात गेला. युगांडात १९९७ साली असेच झाले. आदल्या वर्षी ३१ लाख असलेली मुले ५३ लाख झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत टांझानियानेही प्राथमिक शाळेची फी रद्द केली. गरीब माणसाला शिक्षणाची गोडी नसते, असे मानणाऱ्यांना या आकडेवारीने कायमचे निरुत्तर केले आहे. फीचा अडसर दूर होताच दहा-बारा महिन्यांत लाखो मुले शाळेत आली. त्यांना शाळा नको होती असे नाही, ती त्यांना परवडत नव्हती.

हा अडसर मुळात आला कुठून, हेही लक्षात घ्यायला हवे. १९६०च्या दशकात स्वतंत्र झालेल्या बहुतेक आफ्रिकी देशांनी शिक्षणाला राष्ट्रउभारणीचा पाया मानले होते. टांझानियाचे ज्यूलियस न्येरेरे स्वतः शिक्षक होते आणि सर्वांना प्राथमिक शिक्षण हे त्यांच्या सरकारचे १९७०च्या दशकातले मोठे उद्दिष्ट होते. पण १९८०च्या दशकात कच्च्या मालाचे भाव कोसळले आणि कर्जाचे हप्ते डोईजड झाले. नाणेनिधी आणि जागतिक बँक यांच्या अटींखाली सरकारी खर्चाला कात्री लागली. शाळेचा खर्च पालकांनीही उचलावा, हे धोरण केनियाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस अधिकृतपणे स्वीकारले. इतर अनेक देशांतही फी, इमारत निधी आणि गणवेश यांचा बोजा घरांवर पडला. त्यामुळे नव्वदच्या दशकानंतर आलेली मोफत शिक्षणाची लाट म्हणजे सरकारची मेहेरबानी नव्हती. हिरावून घेतलेला हक्क लोकांनी मतपेटीतून परत मिळवला होता. मलावीत १९९४ची आणि केनियात २००२ची निवडणूक सत्तांतराची होती आणि दोन्हीकडे मोफत शिक्षण हे वचन प्रचाराच्या अग्रभागी होते.

आता चित्राची दुसरी बाजू पाहू. युनेस्कोच्या २०२२च्या अंदाजानुसार सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत सुमारे ९ कोटी ८० लाख मुले आणि किशोरवयीन शाळेबाहेर होते. त्याच वर्षी जागतिक बँक आणि तिच्या सहयोगी संस्थांनी काढलेला अंदाज असा की, याच प्रदेशातल्या दहा वर्षांच्या दर दहा मुलांपैकी जवळपास नऊ जणांना साधा मजकूर वाचून समजत नाही. हे दोन आकडे बहुधा वेगवेगळ्या अहवालांत आणि वेगवेगळ्या संदर्भांत येतात. पहिल्याला प्रवेशाचा प्रश्न म्हणतात, दुसऱ्याला गुणवत्तेचा. माझे म्हणणे असे की हे दोन प्रश्न नाहीत. ज्या शाळेत मूल चार वर्षे बसूनही अक्षरओळख पक्की होत नाही, ती शाळा त्याला मिळाली असे म्हणता येत नाही. त्याचे नाव हजेरीपटावर आले, एवढेच. त्याच्या आईबापांनाही हे कळते आणि मग पाचवी-सहावीत ते मूल गुरे राखायला, बाजारात किंवा लहान भावंडांजवळ परत जाते. शिक्षणाच्या हक्काचा पहिला भाग फी रद्द करून मिळाला, पण उरलेला भाग शाळा चालवण्यात आहे. पैसा, पुस्तक, शिक्षक आणि देखरेख या चारही गोष्टी वर्गापर्यंत पोचवणे म्हणजे शाळा चालवणे. त्याकडे झालेले दुर्लक्ष हीच आज शिक्षणाच्या वाटेतली सर्वांत मोठी आडकाठी आहे. आफ्रिका हा ५४ देशांचा खंड आहे. ट्युनिशिया किंवा मॉरिशस यांची स्थिती नायजर आणि दक्षिण सुदानसारखी नाही. म्हणून इथले विवेचन मुख्यतः सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांबद्दल आहे आणि जिथली माहिती भक्कम आहे अशाच देशांची उदाहरणे घेतली आहेत.

दारे उघडली तेव्हा आत काय होते ते मलावीत नीट दिसते. दहा लाखांवर नवी मुले आली म्हणून सरकारने सुमारे २०,००० नवे शिक्षक घाईघाईने नेमले. त्यांतल्या बहुतेकांचे अध्यापनाचे प्रशिक्षण झालेले नव्हते. पहिलीच्या वर्गात शंभर-शंभर मुले आणि झाडाखाली भरणारी शाळा हे चित्र तिथे वर्षानुवर्षे कायम राहिले. पण गर्दीनेच सगळे बिघडले असेही नाही. केनिया, टांझानिया, युगांडा, सेनेगल, नायजेरिया, मोझांबिक आणि टोगो या सात देशांतल्या प्राथमिक शाळांची न कळवता केलेल्या भेटींतून पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. शिक्षक वर्गात नाहीत असे प्रमाण सरासरी ४४ टक्के निघाले. त्यांतले सुमारे निम्मे शिक्षक शाळेतच नव्हते आणि उरलेले शाळेच्या आवारात असूनही वर्गाबाहेर होते. परिणामी मुलांच्या वाट्याला दिवसाला सरासरी २ तास ५० मिनिटे अध्यापन येत होते, म्हणजे वेळापत्रकात लिहिलेल्या वेळेच्या निम्म्याहून थोडेसे जास्त. हा आकडा वाचून शिक्षकांना आळशी ठरवणे सोपे आहे, पण ते चूक ठरेल. पगार घेण्यासाठी तालुक्याच्या गावी जाण्यात दिवस मोडतो, सरकारी कामे आणि बैठका अंगावर येतात आणि राहायला घर नसल्याने शिक्षक लांबून ये-जा करतात. जो रोज वेळेवर येऊन मन लावून शिकवतो त्याची कोणी दखल घेत नाही आणि जो येत नाही त्याला कोणी विचारत नाही. अशा ठिकाणी चांगला माणूसही हळूहळू ढिला पडतो. हा व्यक्तीचा दोष कमी आणि व्यवस्थेचा जास्त आहे.

पैशाच्या प्रवासाचेही तसेच. युगांडात १९९१ ते १९९५ या काळात केंद्र सरकार प्रत्येक शाळेला मुलांच्या संख्येनुसार अनुदान पाठवत असे. रित्वा राइनिक्का आणि याकोब स्वेन्सन या अर्थतज्ज्ञांनी शाळांच्या वह्या आणि सरकारी हिशेब ताडून पाहिले, तेव्हा सरासरीने त्यातला फक्त १३ टक्के पैसा शाळेत पोचल्याचे दिसले. बहुसंख्य शाळांना काहीच मिळाले नव्हते. उरलेला पैसा जिल्हा पातळीवर इतर कामांसाठी किंवा राजकारणासाठी वळवला गेला होता. हे उघड झाल्यावर सरकारने कोणत्या जिल्ह्याला कोणत्या महिन्यात किती रक्कम दिली, ते वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली. शाळांनीही आपल्याला मिळालेली रक्कम फळ्यावर लावायची, असा नियम झाला. २००१पर्यंत पोचणारा हिस्सा ८० टक्क्यांच्या वर गेला. याचे सगळे श्रेय वर्तमानपत्रांना देऊ नये, असे काही अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले आणि ते बरोबरही आहे. त्याच काळात अर्थमंत्रालयाची तपासणी कडक झाली आणि मदत देणाऱ्या देशांचा दबावही वाढला होता. पण त्यामुळे मुद्दा अधिकच पक्का होतो. माहिती उघड करणे, वरून तपासणे आणि खालून विचारणे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तेव्हाच गळती थांबली.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. हे सगळे ठीक, पण मुळात पैसाच नाही, असे अनेक जण म्हणतात. या देशांची दरडोई मिळकत एवढी कमी, कर्जाचे व्याज एवढे मोठे आणि शाळकरी मुलांची संख्या एवढी झपाट्याने वाढणारी, की व्यवस्थापनाच्या गप्पा म्हणजे उपाशी माणसाला ताटातल्या मांडणीचे धडे देणे. या म्हणण्यात बरेच तथ्य आहे. सहाराच्या दक्षिणेकडे २०३०पर्यंत सुमारे दीड कोटी आणखी शिक्षक लागतील, असा युनेस्कोचा अंदाज आहे आणि एवढे शिक्षक चांगल्या व्यवस्थापनातून निर्माण होत नाहीत, त्यांना पगार द्यावा लागतो. तरीही नुसता पैसा ओतून काय होते याचे उत्तर टांझानियातल्या एका प्रयोगाने दिले आहे. आयझॅक म्बिटी, कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५० शाळांत दोन वर्षे हे तपासले. काही शाळांना नेहमीच्या अनुदानाखेरीज मोठी रक्कम थेट दिली, काही शाळांत मुले शिकली तर शिक्षकांना बक्षीस ठेवले आणि काही शाळांत दोन्ही केले. नुसत्या अनुदानाच्या शाळांत मुलांच्या शिकण्यात काहीच फरक पडला नाही. नुसत्या बक्षिसाचा परिणाम अर्धामुर्धा होता. दोन्ही एकत्र आले तिथे मात्र मुले स्पष्टपणे पुढे गेली आणि हा फायदा दोन्हींच्या बेरजेपेक्षाही जास्त होता. केनियाच्या पश्चिम भागात पाठ्यपुस्तके वाटण्याचा प्रयोग झाला, तेव्हाही असेच दिसले. पुस्तकांचा फायदा आधीच पुढे असलेल्या मुलांनाच झाला. ती पुस्तके इंग्रजीत होती, बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा होती आणि अभ्यासक्रम शहरी मुलांच्या चालीने आखलेला होता. पैसा हवाच, पण वर्गात त्याचे काय होणार हे ठरवणारे कोणी नसेल, तर तो विहिरीत पडल्यासारखाच.

मग दुसरा उपाय सुचवला जातो तो पालकांचा. गावाची शाळा गावाच्या हाती द्यावी, पालकांची समिती नेमावी, तिला पैसा आणि अधिकार द्यावेत, म्हणजे शिक्षक वेळेवर येतील आणि हिशेब सरळ राहील. आपल्याकडच्या शाळा व्यवस्थापन समित्यांमागेही हाच विचार आहे. नायजरमध्ये जपानच्या मदतीने अशा समित्या देशभर पसरल्या. कल्पना लोकशाहीची आहे म्हणून ती मनाला पटते, पण पुरावा सावध करणारा आहे. नायजरमध्ये समित्यांना अनुदान मिळाले तेव्हा पालकांचा सहभाग वाढला, पण शिक्षणाच्या दर्जात सरासरीने फरक दिसला नाही. गांबियात मुख्याध्यापक, शिक्षक आणि गावकरी यांना शाळेच्या व्यवस्थापनाचे सविस्तर प्रशिक्षण मिळाले. तिथे शिक्षक आणि मुले यांची गैरहजेरी कमी झाली, मात्र मुलांच्या शिकण्यातला फायदा प्रौढ साक्षरता बऱ्यापैकी असलेल्या भागांतच दिसला. कारण उघड आहे. ज्या पालकाला स्वतःला वाचता येत नाही, त्याने शिक्षक नीट शिकवतो की नाही हे कशावरून ठरवायचे? आणि सरकारी शिक्षकाला जाब विचारायची हिंमत मजुराला कुठून यावी? पालकांच्या सहभागाची दुसरी बाजू तर अधिक कठोर आहे. मादागास्करमध्ये एके काळी प्राथमिक शिक्षकांतले निम्म्याहून अधिक पालक संघटनांनी नेमलेले होते. चाडमध्येही गावांनी स्वतःच्या खिशातून शिक्षक ठेवले. ज्या गावांपर्यंत सरकार पोचले नाही, ती सर्वांत गरीब गावेच शिक्षकाचा पगार भरत राहिली. सरकारने आपली जबाबदारी पालकांवर ढकलायची आणि त्याला सहभाग म्हणायचे, हे न्याय्य नाही.

तिसरा मार्ग खासगी व्यवस्थापनाचा. सरकारला जमत नसेल तर शाळा चालवणाऱ्या संस्थांना द्या, असे सांगणारा एक गट गेल्या दोन दशकांत जोरात आहे. लायबेरियाने २०१६मध्ये ९३ सरकारी शाळा आठ संस्थांच्या हाती दिल्या. शाळा सरकारीच, मुलांकडून फी नाही, शिक्षकही सरकारी, फक्त कारभार बाहेरचा. त्याचा काटेकोर अभ्यास झाला. पहिल्या वर्षी या शाळांतली मुले इतर शाळांतल्या मुलांपेक्षा पुढे गेली आणि शिक्षक वर्गात असण्याचे प्रमाणही लक्षणीय वाढले. म्हणजे कारभार सुधारला तर त्याच देशात, तशाच मुलांबरोबर फरक पडू शकतो, एवढे सिद्ध झाले. पण हा प्रयोग महागडा होता. काही ठिकाणी वर्ग आटोक्यात ठेवण्यासाठी मुलांना शेजारच्या शाळांत पाठवले गेले आणि नावडते शिक्षक इतर शाळांच्या गळ्यात पडले. सहभागी संस्थांपैकी एकीच्या शाळेत मुलींच्या लैंगिक शोषणाचे भयंकर प्रकरण उघड झाले. ते रोखण्याइतकी देखरेख ना संस्थेकडे होती ना सरकारकडे. कमी फीच्या खासगी शाळांच्या साखळीबद्दलही असाच वाद आहे. ‘ब्रिज’ या अशाच साखळीच्या केनियातल्या शाळांतली मुले परीक्षेत बरीच पुढे असल्याचे एका अभ्यासात आढळले, तर युगांडाच्या उच्च न्यायालयाने २०१६मध्ये नियमांच्या पूर्ततेअभावी तिथल्या ब्रिज शाळा बंद करण्याचा सरकारी आदेश उचलून धरला. यातून मला दिसते ते असे की, कंत्राट देऊन सरकारची सुटका होत नाही. संस्थेशी करार लिहिणे, तिच्यावर लक्ष ठेवणे आणि चुकल्यास तिला बाहेर काढणे यासाठीही सक्षम सरकारी यंत्रणा लागते. ती असेल तर सरकारच्या स्वतःच्या शाळाही सुधारतात.

ही यंत्रणा नेमकी कुठे कमी पडते, हे केनियातल्या एका अपयशाने जितके स्पष्ट केले तितके दुसऱ्या कशानेही केले नाही. पश्चिम केनियात एस्थर डफ्लो, पास्कालिन ड्युपा आणि मायकेल क्रेमर यांच्या प्रयोगात शाळांना एक जादा कंत्राटी शिक्षक मिळाला आणि वर्गातली गर्दी निम्म्यावर आली. कंत्राटी शिक्षकाकडची मुले पुढे गेली, पण नेहमीचे शिक्षक मात्र जास्त वेळा गैरहजर राहू लागले. ज्या शाळांत पालक समितीला देखरेखीचे प्रशिक्षण मिळाले होते, तिथे ही घसरण थांबली. हा पुरावा पाहून केनिया सरकारने देशभर १८,००० कंत्राटी शिक्षक नेमायचे ठरवले. त्याची चाचणी दोन प्रकारे झाली, काही शाळांत स्वयंसेवी संस्थेमार्फत आणि काही शाळांत सरकारी खात्यामार्फत. संस्थेकडच्या शाळांत मुलांची प्रगती दिसली, पण सरकारी खात्याकडच्या शाळांत परिणाम शून्य होता. योजना तीच, पगारही तेवढाच. पण खात्याकडचे पगार उशिरा मिळत आणि प्रत्यक्ष भेटी देऊन पाहणारे कोणी नव्हते. शिवाय शिक्षक संघटनेच्या विरोधामुळे, हे शिक्षक पुढे कायम होणार की नाही हा प्रश्न लोंबकळत राहिला. चांगली कल्पना आणि चांगला वर्ग यांच्यामध्ये एक जिना असतो. जिल्हा अधिकारी, तालुका कार्यालय, केंद्र पातळीवरचा अधिकारी आणि मुख्याध्यापक या त्याच्या पायऱ्या. मंत्रालयात धोरण ठरते आणि गावात मूल बसलेले असते, पण मधल्या पायऱ्या मोडक्या असतील तर धोरण वरच अडकते. आफ्रिकेच्या शिक्षणावर बोलणारे बहुतेक जण एक तर राजधानीबद्दल बोलतात किंवा वर्गाबद्दल. मधल्या पायऱ्यांबद्दल फारच थोडे बोलले जाते.

त्या पायऱ्या दुरुस्त केल्या तर काय होते, हेही त्याच केनियाने दाखवले. २०१५पासून तिथे ‘तुसोमे’ हा वाचनाचा कार्यक्रम देशभरातल्या सरकारी शाळांत पहिली-दुसरीसाठी सुरू झाला. प्रत्येक मुलाला इंग्रजी आणि स्वाहिली वाचनाचे स्वतःचे पुस्तक मिळाले आणि शिक्षकाला रोजच्या तासाची मार्गदर्शिका. पण कळीची गोष्ट वेगळीच होती. केनियात आपल्याकडच्या केंद्रप्रमुखासारखे एक पद पूर्वीपासून आहे. त्या अधिकाऱ्याचा बराचसा वेळ कागद गोळा करण्यात जात असे. ‘तुसोमे’ने त्याच्या हाती टॅबलेट दिला आणि त्याचे काम बदलले. वर्गात जाऊन तास पाहायचा, काही मुलांना वाचायला लावायचे, शिक्षकाशी बसून बोलायचे आणि निरीक्षण तिथल्या तिथे नोंदवायचे. प्रवासखर्च या नोंदवलेल्या भेटींनुसार मिळू लागला. कोणत्या तालुक्यात किती वर्गांना भेटी झाल्या, हे वर बसलेल्यांना दिसू लागले. सरकारी नोकर तेच होते, शाळाही त्याच होत्या, पण मुलांच्या वाचनात देशपातळीवर मोजता येईल अशी सुधारणा झाली. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतातही याला दुजोरा मिळाला. तिथे काही शिक्षकांना शहरात बोलावून प्रशिक्षण दिले, तर काहींच्या वर्गात अनुभवी मार्गदर्शक नियमित पाठवले. वर्गात येऊन मदत करणाऱ्या मार्गदर्शकाचा परिणाम प्रशिक्षण शिबिराच्या सुमारे दुप्पट निघाला. शिक्षकाला दम देणारा तपासनीस आणि त्याच्याबरोबर बसून तास सुधारणारा सहकारी यांत फार मोठे अंतर आहे.

मोजमापाच्या बाबतीत महाराष्ट्राचा एक खरा धागा या कहाणीत आहे. मुंबईच्या वस्त्यांत १९९०च्या दशकात उभी राहिलेली ‘प्रथम’ ही संस्था २००५पासून भारतभर घरोघर जाऊन मुलांचे वाचन आणि गणित तपासते. ‘असर’ या नावाने हा अहवाल मराठी वाचकांना ठाऊक आहे. त्याच धर्तीवर २००९मध्ये केनिया, टांझानिया आणि युगांडा या देशांत ‘उवेझो’ हा उपक्रम सुरू झाला. तिसरीतल्या मुलांपैकी एक तृतीयांशांनाही दुसरीच्या पातळीचे वाचन आणि गणित येत नाही, हे त्याने उघडपणे मांडले. ही माहिती शाळेच्या निकालपत्रात कधीच येत नव्हती. मोजण्याबरोबर उपायही गेला. इयत्तेऐवजी मुलाला आज काय येते ते पाहून गट पाडायचे आणि तिथून शिकवायचे, ही ‘प्रथम’ची पद्धत घाना, बोट्स्वाना अशा देशांत पोचली. झांबियात २०१६पासून सरकारी शिक्षकांनीच ती राबवायला घेतली. तिचे यश पद्धतीइतकेच तिच्याभोवतीच्या व्यवस्थेवर अवलंबून आहे. दिवसाचा ठरावीक वेळ त्यासाठी राखला आणि वर्गात येऊन पाठबळ देणारा कोणी असला तरच ती टिकते.

आता व्यवस्थापनाची अशी एक बाजू, जी आकड्यांत कमी दिसते आणि आयुष्यात जास्त. शाळेचे नियमही मुलांना बाहेर ठेवतात. टांझानियात गरोदर राहिलेल्या मुलीला सरकारी शाळेतून काढले जाई आणि २०१७मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन मागुफुली यांनी ती परत येऊच शकणार नाही असे जाहीरपणे ठणकावले. सामिया सुलुहू हसन यांच्या कारकिर्दीत नोव्हेंबर २०२१मध्ये ही बंदी उठली. सिएरा लिओनमध्ये इबोलाच्या साथीनंतर २०१५मध्ये अशीच बंदी आली होती. पश्चिम आफ्रिकी देशांच्या समुदायाच्या न्यायालयाने २०१९मध्ये ती बेकायदा ठरवली आणि २०२०मध्ये सरकारने ती मागे घेतली. या बंदीला ना पैसा कारणीभूत होता ना शिक्षकांची टंचाई. एका निर्णयाने मुलींचे शिक्षण संपत होते आणि दुसऱ्या निर्णयाने ते पुन्हा सुरू झाले. करोनाच्या काळात युगांडाने मार्च २०२०मध्ये बंद केलेल्या शाळा पूर्णपणे उघडल्या त्या थेट जानेवारी २०२२मध्ये. जगातल्या सर्वांत लांबलेल्या बंदांपैकी तो एक. सुमारे दीड कोटी मुलांवर त्याचा परिणाम झाला आणि त्यांतली अनेक परतलीच नाहीत. युद्धाची गोष्ट अर्थातच वेगळी. बुर्किना फासोत २०२३मध्ये सहा हजारांहून अधिक शाळा हिंसाचारामुळे बंद होत्या आणि सुदानमध्ये त्याच वर्षी पेटलेल्या युद्धाने एका अख्ख्या पिढीची शाळा थांबवली. तिथे आधी शांतता हवी, व्यवस्थापनाचा मुद्दा त्यानंतरचा, हे मान्य करायलाच हवे.

एक शेवटचा आक्षेप मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो शहाणपणाचा वेष घेऊन येतो. एवढी मुले एकदम आत घेतल्यानेच शाळा कोसळल्या, आधी दर्जा सुधारायचा होता आणि मग दारे उघडायची होती, असे त्यात म्हटले जाते. प्रश्न असा की दर्जा सुधारेपर्यंत बाहेर कोणी थांबायचे? ज्यांची मुले आधीच आत होती त्यांनी नक्कीच नाही. शुल्काच्या जमान्यातला तो दर्जा निवडक मुलांचा होता. गरीब, खेड्यातली आणि दुसऱ्या भाषेत बोलणारी मुले मोजदादीतच नव्हती, म्हणून सरासरी चांगली दिसे. शिवाय मूल शाळेत आले की शाळेच्या अपयशाचा हिशेब मागता येतो आणि बाहेर राहिले तर ते कोणाच्याच हिशेबात नसते. मलावी आणि युगांडाने घाई केली यात चूक नव्हती. प्रवेश जाहीर करणे हा एका दिवसाचा निर्णय असतो, तर शाळा चालवणे हे पंधरा-वीस वर्षांचे काम असते. चूक झाली ती हे दुसरे काम पहिल्याइतक्या निर्धाराने हाती न घेण्यात.

हे काम कोणाचे, याचेही उत्तर आता टाळता येणार नाही. बऱ्याच देशांत शाळांचे सुधारणा-कार्यक्रम परदेशी मदतीवर उभे आहेत. ‘तुसोमे’लाही अमेरिकेचा पैसा होता. २०२५मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी आखडती घेतली तेव्हा अशा कार्यक्रमांखालची जमीनच सरकली. उधारीच्या व्यवस्थेवर मुलांचे भवितव्य उभे करता येत नाही. कर्ज देणाऱ्या देशांनी आणि बँकांनी व्याजाचा बोजा हलका करणे हा न्यायाचा भाग आहे आणि तो मागण्याचा आफ्रिकी सरकारांना पूर्ण हक्क आहे. पण त्यातून वाचलेला पैसा नव्या इमारतींच्या उद्घाटनांत संपू नये. तो वेळेवर मिळणाऱ्या पगारात, मुख्याध्यापकाच्या प्रशिक्षणात, वर्गात जाऊन बसणाऱ्या केंद्र अधिकाऱ्याच्या प्रवासभत्त्यात आणि मुलांना समजणाऱ्या भाषेतल्या पुस्तकांत जायला हवा. ही कामे उद्घाटनाच्या फोटोत येत नाहीत आणि एका निवडणुकीच्या मुदतीत पूर्णही होत नाहीत. २०५०च्या सुमारास जगातल्या दर चार माणसांपैकी एक आफ्रिकेतला असेल. आज तिथल्या पहिलीच्या वर्गात बसलेली मुले तेव्हा ऐन उमेदीत असतील. त्यांना वाचता येते की नाही, हे फीमाफीच्या घोषणेवर ठरणार नाही. दर महिन्याला कोणी तरी त्या वर्गात जाऊन ते तपासते का, आणि येत नसेल तर शिक्षकाला मदत मिळते का, यावर ते ठरेल. सरकारांना मते देताना पालकांनी आता हाच प्रश्न विचारला पाहिजे. ज्या मतपेटीने शाळेचे दार उघडले, तिच्यात आतला वर्ग चालता करण्याइतकी ताकद अजून शिल्लक आहे.